सातवरचं बटण

बाबांना वर्तमानपत्र वाचून दाखवताना सून मधलं काही काही गाळायची, आणि बाबांना ते कळायचं.

कुठे आग लागली, कुठे बस उलटली, कुणी म्हातारा बंद घरात एकटाच गेला आणि शेजाऱ्यांना उशिरा कळलं, असलं काही समोर आलं की तिची जीभ आपोआप पुढच्या बातमीवर उडी मारायची. सकाळी सकाळी चहाबरोबर कशाला ते, असं तिला वाटे. पण सासऱ्यांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात घालवला होता. चाकाचा एक दाता झिजला तर टिकटिक कुठे अडखळते, हे त्यांच्या कानाला पाठ होतं. सुनेचा आवाज तर त्याहून सोपा.

“डावीकडचं, खालचं राहिलं,” ते म्हणायचे.

“जाहिरात होती, बाबा.”

“जाहिरात बघून श्वास अडकतो होय गं तुझा?”

मग ती ओशाळून ती बातमी वाचायची, पण तीही जरा मऊ करून. मेले असतील तर ‘गेले’ म्हणायची. तिघे असतील तर ‘काहीजण’. बाबा हसायचे. एकदा म्हणाले, “तुझा दोष नाही गं. पण आता मला सगळं जग तुझ्याकडून गाळून मिळतं. चहासारखं.”

तिला वाईट वाटलं. वाईट वाटून घ्यायलाही फार वेळ नव्हता, कारण तेवढ्यात पाळण्यातून रडू ऐकू आलं.

बाबांच्या उजव्या डोळ्याचं मधलंच पुसलं गेलं होतं. समोरच्या माणसाचे कान दिसायचे, खांदे दिसायचे, आणि चेहऱ्याच्या जागी राखाडी डाग. डाव्या डोळ्यावर अजून भागत होतं. मोठ्या अक्षरांचे मथळे दिसायचे, खालचा बारीक मजकूर नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं सरळ सांगितलं. कडा राहतील, मधलं जाईल. चालाल, फिराल, ताटातलं जेवाल, पण अक्षर दिसायचं नाही. डावा डोळा त्याच वाटेनं जाणार. कधी, ते सांगता येत नाही. सुनेच्या कडेवरची लेक, चिमणी, त्यांच्या गळ्यातली दुर्बिणीसारखी वस्तू ओढत होती, ती सोडवत त्या म्हणाल्या, “हल्ली कॉम्प्युटर पडद्यावरचं सगळं बोलून दाखवतात. वर्तमानपत्रसुद्धा. शिकायचं असेल तर आत्ताच शिका, एक डोळा मदतीला आहे तोवर.”

घरी येताना बाबा जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबून म्हणाले, “शिकवशील?”

“म्हणजे काय! शिकवीन की.”

ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती, कॉम्प्युटर तिच्या रोजच्या हाताखालचा. सध्या बाळंतपणाची, मग वाढवून वाढवून घेतलेली रजा चालू होती. रजा संपली की चिमणी पाळणाघरात, नवरा त्याच्या गोदामात, ती लॅबमध्ये, आणि बाबा दिवसभर घरी एकटे. तेव्हा रजा संपायच्या आत, आणि डावा डोळा जायच्या आत, बाबांना आपलं आपण वर्तमानपत्र वाचता आलं पाहिजे. एवढीच गोष्ट होती. जिना चढताना ती तिला अगदी हातातली वाटली होती.

पण शिकायचं कशावर?

“विंडोज,” नवरा जेवता जेवता म्हणाला. “त्यात विचार कसला करायचा? जगभर तेच. अडलं तर रस्त्यावरचा माणूससुद्धा सांगेल.”

“रस्त्यावरचा माणूस माझ्या घरी येणारे का?” बाबा म्हणाले.

रात्रीचा हा वाद सकाळी फोनवरून दूरच्या शहरात, नणंदेकडे पोचला. “बाबा, दादाचं ऐकू नका,” ती म्हणाली. “माझा जुना मॅक पडून आहे, तो पाठवते. बोलणारं त्यात आतच असतं, वरून काही घालावं लागत नाही. वहिनी, तूच समजाव ना त्यांना. दादाला त्यातलं काय कळतंय?”

“दादाला शंभर टक्के कळतं,” मागून नवरा ओरडला. “मॅकवाल्यांना फक्त मॅक कळतो!”

आणि वरच्या मजल्यावरचा पेंग्विन होताच. हा शाळेच्या प्रयोगशाळेत कामाला होता, पन्नाशीला आला होता. लिनक्सचा तो काळा-पांढरा पक्षी त्याच्या लॅपटॉपवर होता, पिशवीवर होता, हेल्मेटवरही होता. त्याचं खरं नाव जिन्यातल्या पाटीखेरीज कुणी घेत नसे. त्याला कुणकुण लागली तशी तो चपला न घालताच खाली आला.

“काका, लिनक्स घ्या. जुन्या मशिनवर मस्त चालतं. फुकट आहे. आणि मुख्य म्हणजे आतलं सगळं उघडं आहे. कुणी काही झाकून ठेवलेलं नाही.”

बाबांनी मान वळवली, डावा डोळा त्याच्यावर रोखला. “आतलं उघडं?”

“सगळं! कुणीही बघावं.”

तिथेच बाबा त्यांच्या मूळ स्वभावावर गेले. दुकानात कुणी दोन घड्याळं दाखवून ‘यातलं चांगलं कुठलं’ विचारलं, तर दोन्हींची झाकणं काढून, भिंग लावून बघितल्याशिवाय त्यांनी कधी उत्तर दिलं नव्हतं. गिऱ्हाईक ताटकळून निघून गेलं तरी नाही. “वरून सगळीच चांगली दिसतात,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

“तिन्ही बघू,” ते म्हणाले. “मग ठरवू. एकदा शिकलो की तेच शेवटपर्यंत. नंतर मला बदलता येणार नाही.”

बोलणं रास्त होतं. नवरा, नणंद, पेंग्विन तिघांनाही आपलंच निवडलं जाणार अशी खात्री असल्यामुळे तिघांनी माना डोलावल्या. सुनेच्या मनात आलं, बाबा, कुठलंही एक धरा आणि लागू या. पण म्हातारा माणूस आयुष्यातली शेवटची निवड नीट करू म्हणतोय, त्याला घाई कशी करायची?

शिकवणी दुपारची ठरली. चिमणी झोपली की सुरू, उठली की बंद.

पाळणा आणि बाबांचं टेबल एकाच खोलीत होतं. दुसरी खोली दुपारी भट्टीसारखी तापायची, तिथे पोर टिकायचं नाही. टेबल खिडकीशी, बाबांच्या दुकानातलंच, कडेला बारीक पट्टी ठोकलेलं, म्हणजे स्क्रू घरंगळून खाली जाऊ नयेत. त्यावर आता लॅपटॉप. पहिल्या दुपारी तिनं बोलणारं सुरू केलं मात्र, डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा एक आवाज खोलीभर घुमला आणि चिमणी दचकून उठली. ती दुपार गेली.

दुसऱ्या दुपारी इअरफोन आणले. बाबांच्या कानात ती बोंडं गेली आणि बाबा शांत खोलीत ओरडून म्हणाले, “ऐकू येतंय गं!”

तीही दुपार गेली.

कानात काही असलं की त्यांना स्वतःचा आवाज कळायचा नाही. शिवाय आत काय बोललं जातंय ते तिला ऐकू येईना, मग ती सांगणार काय? एकेक बोंड वाटून घेतलं तर दोघांची डोकी एकत्र आणि वायरीत चष्मा अडकलेला. शेवटी तिनंच ठरवलं, आवाज बंद. “बोलणं काय, ते तर बोलणारच आहे, बाबा. ते त्याचं काम. आधी आपण कुठे काय आहे ते शिकू.”

“बरोबर,” बाबा कुजबुजले. “आधी तबकडी, मग काटे.”

आणि त्यातून त्यांची ती युक्ती निघाली. पडदा म्हणजे तबकडी. वर मध्ये बारा, खाली मध्ये सहा. ‘खाली डाव्या कोपऱ्यात एक चौकोनी चिन्ह आहे ना’ असं चार-चारदा सांगण्याऐवजी ती नुसतं ‘सातवर’ म्हणायची आणि बाबांचा हात माउस घेऊन सरळ सातवर जायचा. बंद करायची फुली एक-दीडवर. आवाजाचं चिन्ह पाचवर. वर्तमानपत्राचं पान उघडलं की मथळे अकरापासून तीनपर्यंत. माउस ते अगदी तीन बोटांच्या टोकांनी धरायचे, चिमट्यात केसाएवढी स्प्रिंग धरावी तसा. दोघं कुजबुजत.

“सातवर.”

“आलो.”

“आता जरा वर, आठवर.”

“हे?”

“साडेआठ म्हणा.”

बाबांचे खांदे हसण्यानं हलायचे. तिला त्या दुपारी आवडायला लागल्या. लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यांशी तिचं बोलणं चहा झाला का आणि औषध घेतलं का, एवढंच असायचं. आता दोघांची एक भाषा झाली होती, घरातल्या कुणाला न कळणारी. जेवताना बाबा म्हणायचे, “मीठ दोनवर दे,” आणि नवरा गोंधळून दोघांकडे बघायचा.

“हे काय चाललंय?”

“तुझं विंडोज,” बाबा म्हणायचे.

विंडोजची तबकडी हाताला बसत आली तेव्हा बाबा म्हणाले, “आता दुसरं.” पेंग्विननं अख्खी एक सुट्टी घालवून त्याच लॅपटॉपवर लिनक्स चढवलं. आता मुख्य बटण सातवर नव्हतं, अकरावर होतं, आणि चिन्हांची रांग नऊवर उभी. पुन्हा पहिल्यापासून. बाबांचा हात सवयीनं सातवर जायचा, तिथे काही नसायचं, ते स्वतःलाच ‘च्’ करायचे. मग पार्सलानं मॅक आला. त्याची सगळी चिन्हं सहावर आणि फुली चक्क अकरावर, तीही लाल ठिपका होऊन. बाबा खूश. “बघ, तीन कारखान्यांची तीन घड्याळं. वेळ तीच, पण किल्ली प्रत्येकाची वेगळीकडे.” ते तुलना करत, एकाच गोष्टीला कुठे किती हालचाल लागते ते बघत, आणि मधूनच मागे टेकून नुसता विचार करत बसत, दुकानात बसायचे तसे.

मधे चिमणीला दात आले, दुपारची झोप मोडली. मग चिमणीला ताप, मग घरभर खोकला. मग नवऱ्याची पाळी बदलली आणि दुपारी तो घोरायला लागला. कितीतरी दिवस शिकवणी झालीच नाही. चालू झाली की आधी मागचं घोटावं लागे. नणंद फोनवर विचारायची, “काय, मॅक ना?” पेंग्विन जिन्यात गाठायचा, “काकांचं काय ठरलं?” नवरा काही विचारायचा नाही, नुसता विजयी चेहऱ्यानं हिंडायचा.

ती उत्तर द्यायची, “ठरवतायत.”

आणि खरंच, एका दुपारी ठरलं. बाबांनी माउस खाली ठेवला आणि निकाल जाहीर केला. “तुझ्या नवऱ्याचं बरोबर. पण त्याला वाटतं त्या कारणानं नाही.” ते पडद्याकडे न बघता, जरासं बाजूला बघत म्हणाले, “मधलं जाणार, कडा राहणार, असं बाई म्हणाल्या ना? मग ज्याचं बटण पार कोपऱ्यात, ते माझं. सातवरचा कोपरा मला अजून नीट दिसतो. सहाच्या मध्यावर किंवा नऊच्या रांगेत गेलं की शोधावं लागतं.”

तिला एवढा आनंद झाला की कुजबुजायचं विसरून ती मोठ्यानं म्हणाली, “बाबा, काय डोकं आहे तुमचं!” चिमणी उठली. कुणाला त्याचं काही वाटलं नाही. नणंद थोडी रुसली. पेंग्विन आपला पक्षी लॅपटॉपवरून उतरवायला पुन्हा एक सुट्टी घालवून बसला. जाताना दारात म्हणाला, “वहिनी, सगळं आधी होतं तस्संच करून दिलंय हं. मन घट्ट करून.”

त्यानंतर थोड्याच दिवसांनी बाबांनी सकाळी टेबलापाशी बसून लॅपटॉप उघडला, आणि बराच वेळ त्यांचा हात हललाच नाही.

ती पोळ्या लाटता लाटता म्हणाली, “सातवर, बाबा.”

“सात कुठाय ते माहितीये,” ते म्हणाले. “बाण दिसत नाहीये.”

ती पिठाच्या हातानं आली. बाण तिथेच होता. पडद्याच्या मधोमध.

“जरा कडेला न्या.”

“नेतो. कडेला दिसतो. बघायला गेलो की पुसला जातो.” त्यांनी डोकं तिरकं केलं, पुन्हा सरळ केलं. “तू समोर उभी राहा बरं.”

ती समोर उभी राहिली. बाबांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग त्यांची नजर तिच्या कानावर सरकली, खांद्यावर गेली आणि तिथेच थांबली.

“बरं,” ते म्हणाले. “जा, पोळी करपेल.”

डॉक्टरीणबाईंनी तपासून पाठीवर हात ठेवला, आणखी काही करण्यासारखं नव्हतंच. घरी आल्यावर सुनेनं पदर खोचल्यासारखं सगळं बाजूला सारलं आणि बोलणारं सुरू केलं. आता आवाज बंद ठेवून कसं चालणार होतं? चिमणी उठेल तर उठेल. बाबा ताठ बसले. हात माउसवर गेला.

“माउस नको आता, बाबा. कळा. ही खालच्या बाणाची.”

“खिडकी. यादी. बटण. बटण. दुवा,” आवाज म्हणाला.

“हे कुठेय?” बाबांनी विचारलं.

“काय कुठेय?”

“हे बटण. कितीवर?”

ती उत्तर शोधायला पडद्यावर वाकली. आवाजाला सात-आठ काही नव्हतं. त्याला वर-खाली, डावं-उजवं नव्हतं. तो एकामागून एक सांगत सुटला होता, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखं. त्याच्या लेखी पडदा गोल नव्हता, चौकोनी नव्हता, पडदाच नव्हता. बाबा एवढ्या दुपारी खपून जे शिकले होते, तबकडी, कोपरा, साडेआठ, ते सगळं डोळ्यांचं होतं. तिनंच शिकवलेलं.

“सांगते हं,” ती म्हणाली. “जरा बघते.”

दुसऱ्या दिवशी चिमणी झोपली, बाबाही कलंडले होते. तिनं ओढणी दुमडून स्वतःच्या डोळ्यांवर घट्ट बांधली आणि टेबलाशी बसली. आवाज अगदी बारीक केला. तिला वर्तमानपत्र उघडायचं होतं, बस्. रोज शेकडो नमुन्यांची नोंद याच हातांनी करणारी ती. कळा तिला पाठ. पण एकदा बोट घसरलं, आवाज काहीतरी निराळंच म्हणाला, आणि आपण कुठे आहोत हे तिला कळेना. मागे जावं तर मागे म्हणजे कुठे? बटण. बटण. शीर्षक. बटण. पाण्यात तळ लागत नाही तेव्हा होतं तसं तिला झालं. ओढणी काढायला हात वर गेला. तिला ओढणी काढता येत होती.

तिनं काढली. बाबा जागे होते. कूस न बदलता म्हणाले, “जमलं का?”

“थोडं,” ती म्हणाली.

“जाहिरात बघितल्यासारखा श्वास आला तुझा.”

तिनं पेंग्विनला गाठलं. तो बिचारा तळमळून ऐकत राहिला. “लिनक्स ठेवलं असतं तर?” तिनं विचारलं. हेल्मेटवरचा पक्षी अंगठ्यानं पुसत तो म्हणाला, “नाही वहिनी. तिथेही कळाच शिकाव्या लागल्या असत्या. मॅकवरही.” पहिल्यांदाच त्यानं आपल्या पक्षाची बाजू घेतली नाही, आणि तेच तिला फार लागलं. भांडला असता तर बरं झालं असतं. तिन्हींपैकी कुठलंही चाललं असतं. डोळे मिटून शिकले असते तर.

मग पुन्हा पहिल्यापासून, मोठ्या आवाजात. बाबांची बोटं हुशार होती. कीबोर्डवर दोन कळांवर बारीक उंचवटे आहेत हे त्यांनी तिला न विचारता शोधून काढलं. पण मन सारखं जागा मागायचं. कळ दाबून ते वाट बघायचे, आणि नजर उगाच सातवर जायची. खालचा बाण दाबला की बातमी वाचली जाते. डावीकडची लांबट कळ दाबली की बातमी सुटून नुसती बटणामागून बटणं लागतात. हा फरक त्यांना तोंडपाठ होता. बोटाला अजून नव्हता. दमले की ते पूर्वीसारखं म्हणायचे, “परत वाच.” सुनेला म्हणायचे तसं. यंत्र परत वाचायचं नाही.

आणि चिमणी आता झोपेना. तो आवाज तिला भारी आवडला. सुरू झाला की पाळण्याचा कठडा धरून उभी राहायची, मान वाकडी करून ऐकायची, आणि एक दिवस तिनं तिचा आयुष्यातला पहिला शब्द काढला. “टण.”

“बटण म्हणतेय!” बाबा म्हणाले. “बघ, शिकवणी कुणाला लागू पडली.” ते इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. सूनही हसली. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाच नळ सोडून उभी राहिली.

रजा आणखी वाढवून मिळेना. लॅबमधून फोन आला, आवाज गोड होता पण म्हणणं स्पष्ट होतं. नवरा म्हणाला, “मी पाळी बदलून मागतो, सकाळी मी वाचून दाखवीन.” बाबा म्हणाले, “तू वाचतोस की धमकावतोस तेच कळत नाही. राहू दे.” नणंद म्हणाली, “रोज फोनवर मी वाचते.” ते म्हणाले, “तुला तुझं घर नाही का?” त्यांना कुणाचं वाचलेलं नकोच होतं. रागानं नाही. नको म्हणताना ते समोरच्याच्या दिशेला हात करायचे, जरासा बाजूला, जिथे तो माणूस त्यांना दिसायचा तिथे.

कामावर रुजू व्हायच्या सकाळी ती लवकर उठली. डबा, चिमणीचे कपडे, दूध, बाबांची न्याहारी झाकून. चहा उकळेपर्यंत ओट्याशी उभ्या उभ्या तिनं वर्तमानपत्र वाचायला घेतलं. सवय होती, काय गाळायचं ते आधी बघून ठेवायची. मग तिला आठवलं, आज वाचून दाखवायचं नाहीये, आणि ती नुसतीच वाचत राहिली. लॅपटॉप टेबलावर मांडून तिनं आजचं पान उघडून ठेवलं. बाबा अंघोळ करून, केस विंचरून, दुकान उघडायला निघाल्यासारखे येऊन बसले.

“खालचा बाण हा. हा उंचवटा लागला की त्याच्या उजवीकडे, खाली—”

“माहितीये.”

“अडलं तर पेंग्विन आज दुपारपर्यंत वरच आहे. जिन्यात नुसती हाक—”

“ऐक,” बाबा म्हणाले. “तू गेलीस की गेलीस. परत आत यायचं नाही. मी चुकताना ऐकू आलं तरी नाही. तू मागे उभी असलीस की मी तुलाच विचारतो.”

तिनं वाकून त्यांच्या पायांजवळ पडलेला चिमणीचा मोजा उचलला. “येते, बाबा.”

“ये.”

दार ओढून घेतलं. पण चिमणी कडेवर, एका खांद्याला डब्याची पिशवी, दुसऱ्याला चिमणीची, आणि तो मोजा घालायचाच होता. जिन्याच्या कठड्याला टेकून ती मोजा चढवू लागली. आत आवाज सुरू झाला. तिचा हात थांबला.

आधी दोन-तीन बटणं लागली. मग बाबांचा घसा साफ केल्याचा आवाज, आणि मग डब्यात तोंड घालून बोलणारं ते एका दमात, कसलाच श्वास न अडकता म्हणालं, “शीर्षक. बंद घरात वृद्ध तीन दिवस एकटे पडून. शेजाऱ्यांनी दार तोडले.”

 मग बाबांचा आवाज आला, समाधानी आवाज. “ही तिनं गाळली असती.”

गाळली असती. मथळा बघून तिचा डोळा पुढे सरकलाच होता. पण आज वाचून दाखवायचं नव्हतं म्हणून ओट्याशी तिनं ती शेवटपर्यंत वाचली होती. म्हातारे जिवंत होते. खाली पडून पाय मोडला होता, शेजाऱ्यांनी दवाखान्यात नेलं, आता बरे आहेत, आणि शेजारीण म्हणते की त्यांनी शुद्धीवर आल्या आल्या चहा मागितला. तिला वाचताना हसू आलं होतं. बाबांना सांगायची म्हणून मनात ठेवलीही होती, आणि मग पोळ्यांच्या घाईत राहून गेली.

“बटण,” आत यंत्र म्हणालं.

“अरे?” बाबा म्हणाले. “पुढे?”

“बटण. दुवा. बटण.”

“नाही, नाही. ते म्हातारे... पुढे काय झालं?”

लांबट कळ. तिला बाहेरूनही कळत होतं, बाबांचं बोट लांबट कळीवर आहे. पार उजवीकडे, खाली, बाबा, बाण तिकडे आहे. तिचा हात कडीवर गेला. एक वाक्य. दारातूनच सांगता आलं असतं, बरे आहेत हो ते, चहा मागितला. मग सगळं परत तिच्याच तोंडून.

खाली रस्त्यावर तिच्या बसचा हॉर्न ऐकू आला, की दुसऱ्याच कुठल्या बसचा. कडीचं लोखंड गार होतं. आत बाबांनी पुन्हा एक कळ दाबली, सावकाश, जपून, तबकडी काढलेल्या घड्याळाच्या काट्याला हात लावावा तशी.

“बटण,” आतून आवाज आला.

“टण,” कडेवरून चिमणी म्हणाली, खुशीत, मोठ्यानं.

आत सगळं थांबलं. बाबांनी ऐकलं होतं. ती श्वास रोखून उभी राहिली, आणि श्वास रोखलेला त्यांना कळतो हे माहीत असूनही तो तिला सोडता येईना. बाबांनी हाक मारली नाही. थोड्या वेळानं कळ पुन्हा वाजली.

तिनं कडीवरून हात काढला, मोजा तसाच अर्धा चढलेला मुठीत धरला आणि पाऊल न वाजवता जिना उतरायला लागली. वरून यंत्र बटणं मोजत होतं, आणि कडेवरची पोर प्रत्येक बटणाला ओ देत होती.